अंथरुणं मोजणाऱ्या बायका

माझ्या आईने तीस वर्षं लोकांची अंथरुणं मोजली. हे मी कोणी विचारायची वाट न बघता सांगते. गणपतीत इथली मराठी मंडळी जमली आणि एकेकीची आई बँकेत, शाळेत, मंत्रालयात असल्याचं निघालं, की मी माझं वाक्य टाकते आणि पुढचा अर्धा तास माझाच असतो. बढाई आहे, मान्य आहे. पण खोटी नाही.

आई इचलकरंजीत नगरपालिकेच्या क्षयरोग केंद्रात हेल्थ व्हिजिटर होती. लोक तिला 'टीबीवाल्या बाई' म्हणत. ज्याच्या बेडक्यात जंतू सापडले त्याच्या घरी जायचं, तो गोळ्या गिळतो की मोरीत टाकतो ते बघायचं, आणि घरात आणखी कोण खोकतं ते शोधून काढायचं, असं तिचं काम. आता ही बाई ज्या दारात उभी राहील त्या घरातल्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडायचं, त्यामुळे ती कोणाला दारात नको असायची. म्हणून आई सायकल पलीकडच्या गल्लीत लावून चालत जायची. त्यात आम्ही बौद्ध. म्हणजे दार न उघडायला काही घरांकडे दोन-दोन कारणं. आई म्हणायची, "आज त्यातलं कुठलं कारण आहे ते मी विचारतच नव्हते. मी पाणी मागायचे. द्यायचं की नाही ते ठरवायला बाई आत जायची, तेवढ्यात मी उंबऱ्याच्या आत."

आत गेल्यावर ती आजाराचं नाव काढत नसे. कोपऱ्यातल्या वळकट्या मोजायची. यंत्रमागवाल्यांच्या त्या खोल्यांत दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. अंथरुणाला थंड व्हायलासुद्धा सवड नाही. माणसं सहा आणि वळकट्या दोन दिसल्या की आईला जे कळायचं ते कळायचं. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, माझी आई अंथरूण पाहून माणसं मोजायची. हा विनोद माझा आहे आणि तो मी गरजेपेक्षा जास्त वेळा केला आहे.

शाळेत मात्र मी "आई नगरपालिकेत आहे" एवढंच सांगायचे. कोणी फार खोदलं तर "आस्थापना विभागात." हेही इथेच सांगून टाकते.

दोन हजार दहाच्या दशकातल्या मधल्या एका उन्हाळ्यात आई तीन महिने आमच्याकडे जर्मनीत येनाला आली. मी इथे सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांची तपासणी करते. आईला माझं काम मनापासून पटतं, कारण तिच्या केंद्रातला सूक्ष्मदर्शक कायम बिघडलेला असायचा. बाकी येनात तिला करायला काही नव्हतं. नातीशी ती मराठीत बोलायची, नात जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं चाललं होतं बरं. मी तिच्यासाठी पलंग घेतला होता. दोन रात्रींनी तिने त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली आणि स्वतः घरून आणलेली वाकळ जमिनीवर घालून झोपू लागली. सकाळी वळकटी करून सोफ्याच्या मागे.

खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, पंच्याऐंशीच्या. जिन्यात आईशी त्यांची ओळख झाली आणि एका रविवारी त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं. खिडकीत निळ्या काचेची एक चपटी बाटली होती, तळहातात मावेल एवढी, रुंद तोंडाची, आणि तिच्यात रानफुलं. आईने ती बघितली आणि कॉफीचा कप खाली ठेवला.

"ही थुंकीची डबी आहे," ती मला म्हणाली. "शी! ह्यात फुलं घालतात होय?"

मी शक्य तितक्या सभ्य शब्दांत विचारलं. आजींनी टाळीच वाजवली. "गेनाऊ, अगदी बरोबर! तुमच्या आईला कसं कळलं? इथे लोकांना वाटतं, अत्तराची आहे."

"विचार त्यांना, झाकणाला स्प्रिंग होती का," आई म्हणाली. "एका हाताने उघडायला लागते. दुसऱ्या हातात रुमाल असतो."

स्प्रिंग होती. तुटली होती.

मग आजींनी सांगितलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात गावात क्षयरोग्यांसाठी एक केंद्र होतं. मागच्या अंगणातल्या इमारतीत दोन खोल्या. डॉक्टर आठवड्यातून दोन दुपारी यायचे, छातीला नळी लावायचे, कोणाला टेकडीवरच्या आरोग्यधामात पाठवायचं ते ठरवायचे. बाकीचं सगळं काम एका श्वेस्टरच्या पायांवर. श्वेस्टर म्हणजे बहीण आणि नर्ससुद्धा, आपल्या सिस्टरसारखंच. काचकामगारांच्या घरी, टेकड्यांवरच्या वस्त्यांत ती पायी जायची, निळ्या बाटल्या वाटायची, थुंकी गोळा करायची, खिडक्या उघडायला लावायची. ती श्वेस्टर म्हणजे या आजींची आई.

"गोळ्या कुठल्या द्यायच्या?" आईने विचारलं.

"गोळ्या नव्हत्याच तेव्हा. त्या दुसऱ्या महायुद्धानंतर आल्या. तोवर औषध म्हणजे दूध, हवा आणि पडून राहणं."

वर आल्यावर आई भांड्यांपाशी गेली. भांडी घासताना एकदम म्हणाली, "मला लोकांनी शिव्या घातल्या, एकाने कुत्रं सोडलं अंगावर. पण माझ्या पिशवीत गोळ्या होत्या गं. द्यायला काहीतरी होतं. ही बाई रिकाम्या हाताने दुसऱ्यांदा त्याच दारात जायची कशी?" पुढे आठवडाभर हाच प्रश्न ती अधूनमधून काढायची. अनोळखी परदेशी बाईबद्दल इतकी आपुलकी तिने माझ्या सासूबाईंबद्दलही कधी दाखवली नव्हती.

त्याच सुमारास गावातल्या इतिहासप्रेमींच्या फेराइनने, म्हणजे मंडळाने, त्या जुन्या केंद्रावर प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. आजींनी त्यांना आपल्या आईचा फोटो आणि तिची कामावरची वही दिली होती. फार खूश होत्या. आपल्या आईबद्दल बढाया मारणारी बाई मला लांबूनही ओळखू येते, आणि या आजी माझ्याच पंथातल्या होत्या.

एका शनिवारी सकाळी त्या जिना चढून वर आल्या. याआधी कधी आल्या नव्हत्या. हातात वही होती आणि एक छापील कागद. फेराइनमधल्या एका निवृत्त शिक्षकांनी वही वाचून प्रदर्शनातल्या फलकाचा मजकूर तयार केला होता, त्याचा तो कच्चा नमुना. वहीत प्रत्येक भेटीच्या तारखेपुढे एक पत्ता, त्यापुढे दोन आकडे, मधे तिरकी रेघ. सहावर दोन. सातावर तीन. पाचावर दोन. कुठेकुठे पुढे लाल पेन्सिलीने मोठं 'बी' अक्षर. शिक्षकांनी अर्थ लावला होता: पहिला आकडा घरातल्या माणसांचा, दुसरा त्या घरात क्षयाने मेलेल्यांचा. आणि 'बी' म्हणजे बेग्रेबनिस, अंत्यसंस्कार. आजींच्या आईच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत येणार होतं की ही श्वेस्टर घरोघर जाऊन मृत्यूंची नोंद ठेवत असे.

"सोमवारी फलक छापायला जातो," आजी म्हणाल्या. "तुमच्याकडे दिव्याचं भिंग आहे ना? पेन्सिल पुसट झाली आहे. मला ते आकडे स्वतः बघायचेत. माझी आई मेलेली माणसं मोजत हिंडत असेल, तर ती वही मी भिंतीवर लावू देणार नाही. परत घेईन आणि माझ्याबरोबर पुरायला सांगेन."

त्या हे शांतपणे म्हणाल्या. सगळ्या आयुष्यात अभिमान वाटावा असं एक माणूस, आणि त्याच्याबद्दल पंच्याऐंशीव्या वर्षी हे ऐकायचं.

मी भिंग लावलं, वही टेबलावर पसरली आणि माझ्या इंजिनिअरी ऐटीत दहा मिनिटं बघून निकाल दिला. आकडे स्पष्ट आहेत. सहावर दोन, महिन्याने सहावर तीन, पुढे 'बी'. म्हणजे तिसरा मृत्यू आणि अंत्यसंस्कार. "शिक्षकांचं बरोबर दिसतंय," मी म्हटलं. सत्य सांगायला हवं, असं मला वाटत होतं. वही मिटायला आजींनी हात पुढे केला.

"काय झालं? रडतायत का त्या?" आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. मी सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि वही स्वतःकडे वळवली. जर्मनचं एक अक्षर तिला येत नव्हतं. पण आकडे येत होते, आणि पत्ता तोच आहे की दुसरा, एवढं अक्षरांच्या वळणावरून कळत होतं. ती पानं उलटत राहिली. पुढे, मागे, परत पुढे. मी चहा ठेवला, तो निवला.

"मेलेले नव्हेत गं हे," ती शेवटी म्हणाली.

"आई, ते शिक्षक आयुष्यभर—"

"शिक्षकांना सांग, इथे बघा." तिने बोट ठेवलं. "हे घर. सातावर तीन. आता हे पान, तेच घर. सातावर दोन. काय झालं? मेलेल्यातला एक परत आला की काय?"

मी भिंगातून बघितलं. खरंच दोन होता. शिक्षकांनी त्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेली बारीक चिठ्ठी लावली होती, 'लिहिण्यातली चूक' म्हणून. आणि अशा चिठ्ठ्या वहीत अकरा होत्या. अकरा वेळा त्या बाईची चूक झाली असं त्यांनी धरलं होतं, आपली एकदाही नाही. आणि मीही नाही.

"अंथरुणं आहेत ती," आई म्हणाली. "माणसं इतकी, अंथरुणं इतकी. दुसरं काय मोजणार ही बाई? मीसुद्धा असंच लिहायचे, फक्त रेघ आडवी. तिनाची दोन झाली म्हणजे एक विकलं, जळणाला पैसे नसणार. तारीख बघ, थंडीतली असेल."

तारीख जानेवारीतली होती.

मी आजींना भरभर सांगायला लागले. आणि इथे मी घोळ घातला. आईची अंथरुणं मला लहानपणापासून जमिनीवर दिसलेली, त्यामुळे माझ्या तोंडून शब्द आला, 'मात्रात्से'. गाद्या. माणसं इतकी, गाद्या इतक्या. आजींनी मान हलवली. त्यांना पटावंसं वाटत होतं, पण त्या प्रामाणिक होत्या. "मात्रात्से ठीक आहे. पण मग 'बी' कशाचा? मात्रात्सेत 'बी' कुठे आहे? 'बी' म्हणजे अंत्यसंस्कारच."

"काय म्हणतात?" आईने विचारलं.

"गादीला 'बी' लागत नाही म्हणतात."

"गादी?" आई भडकलीच. "मी गादी म्हटलं का? मी अंथरूण म्हटलं. गादी कोणाकडे होती? एवढी परदेशात शिकलीस आणि अंथरूण सांगता येईना?"

ती उठली, सोफ्यामागून स्वतःची वळकटी काढली आणि आजींच्या पायांपुढे जमिनीवर उलगडली. सतरंजी, वाकळ, उशी, पांघरायची चादर. त्यावर तळहात थोपटून आजींकडे बघितलं. सगळ्या जगाला कळेल असं ते थोपटणं होतं.

आजी पुढे वाकून बघत राहिल्या. मग पुटपुटल्या, "आख. बेट."

जर्मनमध्ये बेट म्हणजे पलंग, आणि त्यावरची दुलई-उशी मिळूनही बेटच. जे अंगाखाली आणि अंगावर घेऊन माणूस झोपतो ते सगळं. आपलं अंथरूण-पांघरूण. शब्द मला वीस वर्षं येत होता, पण आईच्या वाकळीला तो लागू पडेल असं कधी मनात आलं नव्हतं.

"बेट," आजी पुन्हा म्हणाल्या. "बी."

पुढचा एक तास आम्ही तिघींनी वही पालथी घातली. जिथे जिथे लाल 'बी' होतं तिथे दुसरा आकडा एकाने वाढलेला. एकही अपवाद नाही. घरात आजारी माणूस वेगळा झोपावा म्हणून केंद्र पलंग द्यायचं, कुठून कुठून मागून आणलेले. कुठे पलंग, कुठे नुसती दुलई आणि पेंढ्याची गादी. आजींना आता आठवलं की आपली आई ढकलगाडी घेऊन जायची. त्यांना वाटायचं, कपडे धुवायला नेते.

"म्हणजे ही बाई अंथरूण घेऊन जायची," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "रिकाम्या हाताने नव्हती जात. मला वाटलंच."

तिला काहीही वाटलं नव्हतं. इतका अभिमान मला कोणत्याच दिवशी वाटला नाही. माझी आई, दहावी आणि वर्षभराचा कोर्स, जिने अनोळखी भाषेतल्या वहीवरून एका मेलेल्या बाईचं मन ओळखलं. शाळेतल्या त्या 'आस्थापना विभागा'ची मला लाज वाटली, आणि ते मी तिला तिथेच सांगितलं. "माहीत होतं मला," ती पान उलटत म्हणाली. "तुझ्या वर्गशिक्षिकेने सांगितलं होतं. तिचा भाऊ माझा पेशंट."

वहीच्या शेवटच्या पानांवर पेन्सिल फारच पुसट होती. आजी जुनं वळणदार अक्षर भिंगाखाली मोठ्याने वाचत होत्या. एकाच दिवसाच्या दोन नोंदी आल्या. पहिली टेकडीच्या पायथ्याच्या एका गल्लीतली: सहावर दोन, ते खोडून सहावर तीन, लाल 'बी'. दुसरी नोंद वाचायला त्यांनी सुरुवात केली आणि त्या मधेच थांबल्या.

"हा आमचा पत्ता आहे," त्या म्हणाल्या.

चारावर तीन. ते खोडलेलं. चारावर दोन. पुढे काही नाही.

मी आईला सांगितलं. "कोण कोण होते घरात, विचार," ती हळूच म्हणाली.

आई, वडील, आजी आणि मी, असं त्यांनी बोटांवर मोजलं. आईवडिलांचं एक बेट, त्यांच्या आजीचं एक. मग त्यांनी भिंगाचा गोल उजेड पुन्हा त्या ओळीवर आणला. "मी आजीजवळ झोपायचे," त्या म्हणाल्या. "शाळेत जायला लागेपर्यंत. आजीला थंडी वाजते म्हणून मला तिच्याजवळ झोपवतात, असं मला सांगितलं होतं. तीन-चार वर्षांची असेन मी तेव्हा. मला माझा पलंग आठवतसुद्धा नाही."

त्यांनी त्या दोनच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि उचललं नाही.

"ती टेकडीखालची माणसं," त्यांनी विचारलं, "त्यांचं पुढे काय झालं? लिहिलं आहे का?"

हे मी आईला सांगायच्या आधीच आई पानं उलटत होती. ते तिला सांगावं लागत नाही. त्या गल्लीच्या नावाचं वळण तिने डोळ्यांत धरून ठेवलं होतं, आणि वही संपेपर्यंत ते चार वेळा सापडलं. प्रत्येक वेळी तिने आकड्याखाली नख टेकवलं. सहावर तीन. सहावर तीन. सहावर तीन. शेवटच्या पानावरही सहावर तीन.

"सहाच आहेत," आई म्हणाली. "सहातलं कोणी गेलं नाही. सांग त्यांना. आणि या वेळी नीट सांग."

मी नीट सांगितलं. सहा माणसं, शेवटच्या पानापर्यंत सहा.

आजींनी रुमालाने नाक पुसलं, चष्मा पुसला आणि खुर्चीत ताठ बसल्या. पंच्याऐंशीव्या वर्षी माणूस इतका ताठ बसू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

"आल्झो," त्या म्हणाल्या. "मग तो पलंग मी दिला."